हद्दवाढ, नवी वसाहत आणि आपला ऊस



लागण, खत, पाणी, तोड हे या पानावरचे नेहमीचे विषय. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तो उसाच्या मुळावरच येणारा आहे. शहराच्या कडेच्या गावांत आमचे कर्मचारी ऊस नोंदीला गेले, की सभासद लागणीची तारीख सांगायच्या आधी विचारतात, "साहेब, आमचं गाव शहरात जाणार का? आणि गेलं तर आमच्या उसाचं काय?" गावोगाव दोन तट पडले आहेत. एक म्हणतो हद्दवाढ झालीच पाहिजे, दुसरा म्हणतो होऊ देणार नाही. आम्ही कोणत्याच तटाच्या बाजूने लिहीत नाही. सभासदाने आपल्या गटाचा हिशोब कसा मांडावा आणि कोणत्या वेळी बोलावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दोन शहरांचा दाखला

कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका 1972 साली झाली. त्यानंतर 2024 पर्यंत शहराची हद्द वाढली नाही. कडेच्या गावांनी प्रत्येक वेळी जोराचा विरोध केला. 2017 साली शहर व भोवतालची 42 गावे यांच्या नियोजनासाठी वेगळे प्राधिकरण नेमले गेले. पण हद्द थांबली म्हणून घरे थांबली काय? पाचगाव, उचगाव, कळंबा या बाजूला जाऊन बघावे. उसाच्या जागी प्लॉट पडले, घरे झाली, आणि गटार, पाणी व कचरा यांचा भार ग्रामपंचायतीच्या अंगावर आला.

पुण्याकडे उलट झाले. 1997 साली 38 गावे महापालिकेत घेतली. त्यांतली काही पुढे वगळली. पुन्हा 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे घेतली. 2017 च्या गावांत फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन होती. शहराचा कचरा डेपो याच भागात, त्यामुळे गावकऱ्यांचे आंदोलन जुनेच. त्यात हद्दीत आल्यावर मिळकतकर वाढला, सोयी मात्र तेवढ्या आल्या नाहीत, अशी तक्रार झाली. शेवटी 2024 साली ही दोन गावे महापालिकेतून काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

यावरून एवढे ध्यानात घ्यावे की "नाही" म्हटल्याने वसाहत थांबत नाही आणि "हो" म्हटल्याने सोयी आपोआप येत नाहीत.

रेषा एक नाही, दोन आहेत

पहिली रेषा हद्दीची. महानगरपालिकेची हद्द राज्य सरकार 1949 च्या महानगरपालिका कायद्याखाली अधिसूचना काढून बदलते. त्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. दुसरी रेषा विकास आराखड्याची. हा आराखडा 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतो. कोणता गट शेती विभागात राहील, कोणता रहिवासी होईल, रस्ता कुठून जाईल, शाळा-बागेचे आरक्षण कोणाच्या रानात पडेल, हे सगळे येथे ठरते.

आमचा अनुभव असा, की हद्दीच्या वेळी गाव बंद, मोर्चा, ट्रॅक्टर रॅली सगळे होते. आराखड्याच्या वेळी मात्र गावात सामसूम असते. खरे म्हणजे तुमच्या गटाचे भवितव्य दुसऱ्या रेषेने ठरते. आराखडा करण्याआधी आजच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. त्यात आपले बागायत, विहीर, पाणी योजनेची पाइपलाइन, पाणंद आणि ओढा दाखवला आहे की नाही, हे बघून घ्यावे. तिथे जे दिसत नाही, त्याच्यासाठी पुढे भांडणे जड जाते.

पैशाचा हिशोब

(अ) जमीन विक्रीवरील कर : खेड्यातील शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर आयकर लागत नाही. दहा हजार किंवा जास्त लोकवस्तीच्या नगरपालिका वा महापालिकेच्या हद्दीतील शेतजमिनीला तो लागतो. एवढेच नव्हे, तर हद्दीबाहेरही ठराविक अंतरापर्यंत लागतो. शहराची लोकसंख्या दहा हजारांवर ते एक लाखापर्यंत असेल तर 2 किलोमीटर, दहा लाखांपर्यंत असेल तर 6 किलोमीटर आणि त्यावर असेल तर 8 किलोमीटर. हे अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजतात. कोल्हापूर 2011 च्या जनगणनेप्रमाणे साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे तेथे 6 किलोमीटर धरावे. "आमचं गाव अजून शहरात नाही, मग कर कसला?" असे म्हणून बऱ्याच जणांची फसगत होते. कसत असलेली जमीन विकून आलेल्या नफ्यातून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली, तर अटींवर सवलत मिळते. खरेदीखत होण्याआधी कर सल्लागाराला विचारावे, नंतर नव्हे.

(ब) संपादनाचा मोबदला : 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावाला एका गुणकाने गुणतात. शहरी भागात हा गुणक 1 आहे. ग्रामीण भागात 1 ते 2 यांच्या दरम्यान सरकार ठरवते. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळते. उदाहरणार्थ, जमिनीचा भाव दहा लाख धरला तर शहरी भागात 20 लाख होतात. ग्रामीण भागात गुणक 2 असेल तर 40 लाख. विहीर, झाडे, बांधकाम यांचे वेगळे. हद्दीत गेल्यावर बाजारभाव वाढतो हे खरे, पण गुणक उतरतो हेही तितकेच खरे. दोन्ही मांडून बघावे.

(क) घरपट्टी : महापालिकेची घरपट्टी ग्रामपंचायतीपेक्षा जास्त असते. नव्या गावांना ती टप्प्याटप्प्याने लागू होते. शिवाय ग्रामसभा जाते, आणि केवळ ग्रामीण भागासाठी असलेल्या योजनाही जातात.

पाणी, वाट आणि ओढा

हा भाग आमच्या रोजच्या कामाचा आहे. सगळ्यात जास्त नुकसान येथेच होते, आणि ते जमीन न विकणाऱ्याचे होते.

एक उपसा पाणी योजना 100 एकरांची धरा. पंपदुरुस्ती, कर्जाचा हप्ता आणि पाटकऱ्यांचा पगार मिळून वर्षाला 4 लाख, आणि वीज 6 लाख. म्हणजे एकरी 10,000 रुपये. आता 40 एकर प्लॉटमध्ये गेले. वीज त्या प्रमाणात उतरेल, पण 4 लाखांचा खर्च तसाच राहील आणि तो 60 एकरांवर पडेल. एकरी खर्च 12,667 रुपये होईल. म्हणजे शेजाऱ्याने प्लॉट पाडले आणि आपला ऊस एकरी पावणेतीन हजारांनी महाग झाला. म्हणून योजनेतील जमीन विकताना विकणाऱ्याकडील कर्ज व थकबाकी आधी भागवून घ्यावी, आणि पाइपलाइन जाण्याचा हक्क खरेदीखतात लिहून घ्यावा.

वाटेचेही तसेच. ज्या पाणंदीने बैलगाडी आणि ट्रॉली निघत होती, तिथे कुंपण पडले की तोडलेला ऊस फडातच अडकतो, वाळतो आणि वजन घटते. कोणी वाट किंवा पाण्याचा पाट अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "गावातलाच आहे, समजून घेईल" म्हणत दोन हंगाम घालवू नयेत.

ओढे बुजवून प्लॉट पाडले की पावसाचे पाणी वरच्या रानात तुंबते. सांडपाणी सरीत आले की जमीन चोपण व्हायला वेळ लागत नाही. 2019 व 2021 चा पंचगंगेचा महापूर सर्वांनी पाहिला आहे. पूररेषेतील प्लॉट विकणारा निघून जातो. पाण्यात राहतो तो घेणारा आणि त्याचा शेजारी.

नव्याने राहायला आलेले लोक आपले वैरी नव्हेत. बहुतेकांनी कर्ज काढून घर घेतले आहे, आणि गटार नसल्याचा त्रास त्यांनाही आहे. ओढा मोकळा ठेवायच्या मागणीत त्यांनाही बरोबर घ्यावे. आपणही घरांच्या कडेला पाचट पेटवू नये. कुट्टी करून सरीत टाकावे. तणनाशक मारताना वाऱ्याची दिशा बघावी.

विकायचेच असेल तर

हडपसरच्या मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःची कंपनी काढून जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. 2000 च्या सुमारास तेथे वसाहत उभी राहू लागली. जमीन गेली, पण मालकी हातात राहिली. सगळ्या गावांना हे जमेल असे नाही. त्यासाठी एकी आणि चोख हिशोब लागतो. आपला कारखाना उभा राहिला तो याच दोन गोष्टींवर. मात्र एकेकट्याने गुंठ्या-गुंठ्याने विकण्याआधी निदान हा दाखला डोळ्यांपुढे असावा.

सभासदांनी करावयाची कामे

1. सातबारा, आठ-अ व गटाचा नकाशा काढून ठेवावा. विहीर, पीक आणि वाटण्या यांच्या नोंदी पुऱ्या कराव्यात.
2. गावाने पाणंद, पाट, ओढा व पाइपलाइन यांचा एकत्रित नकाशा करून ग्रामसभेच्या ठरावाला जोडावा.
3. हरकतीची मुदत अधिसूचनेत लिहिलेली असते. तिच्या आत प्रत्येकाने स्वतःच्या गट नंबरासह लेखी हरकत किंवा सूचना द्यावी आणि शिक्क्याची पोच घ्यावी. मोर्चाची पोच मिळत नाही.
4. आराखड्याच्या वेळी हेच काम पुन्हा करावे.
5. जमीन विकण्यापूर्वी शेअर विभागात सभासदत्वाची व ऊस नोंदीची चौकशी करावी.

शहर वाढणार आहे. ते आपल्या रानाकडे आले तर आपला कागद पुरा असावा आणि आपली हरकत वेळेत पोचलेली असावी. गट ऑफिसला नकाशा घेऊन या, पाणी आणि वाट कुठे अडते ते आपण मिळून बघू.

— ऊस विकास विभाग