मोठ्या आकड्याचा ताळा

मोठा आकडा दिसला, की आपण बिचकतो. कागद दुसऱ्याच्या हाती देतो आणि म्हणतो, "एवढं वाचून दाखवा हो." आता आपल्याला अक्षर येते. मग आकड्याला का भ्यायचं?

आपल्याच जिल्ह्याचा एक आकडा घेऊ. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पुढे २०११ साली जनगणना झाली. म्हणजे सरकारने माणसे मोजली. तेव्हा आपल्या जिल्ह्यात माणसे भरली ११,७७,३४५.

हा आकडा कसा वाचायचा? उजवीकडून घरे पाडू. पहिली तीन घरे: तीनशे पंचेचाळीस. पुढची दोन घरे हजारांची: सत्त्याहत्तर हजार. त्यापुढची दोन लाखांची: अकरा लाख. आता डावीकडून म्हणू: अकरा लाख सत्त्याहत्तर हजार तीनशे पंचेचाळीस. झाले वाचून!

शेवटचे घर पाहा. तिथे ५ आहे. शेवटी ५ किंवा ० असला, की आकड्याला पाचाने पुरा भाग जातो. आपले तालुकेही पाचच: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. खरी वस्ती कुठे कमी, कुठे जास्त आहे. पण सारखी वाटणी केली, तर दर तालुक्याला २,३५,४६९ माणसे येतात. एकही उरत नाही.

आता नवाचा ताळा काढू. सगळे अंक मिळवू.

१ + १ + ७ + ७ + ३ + ४ + ५ = २८
२ + ८ = १०
१ + ० = १

ताळा आला १. म्हणजे नऊ-नऊ माणसांचे गट केले, तर शेवटी एक माणूस उरतो.

असं का होतं? दहातून नऊ काढले, की एक उरतो. शंभरातून अकरा वेळा नऊ काढले, तरी एकच उरतो. हजाराचेही तसेच. म्हणून नुसते अंक मिळवले तरी भागते.

ताळ्याने बेरीज तपासता येते. त्या वर्षी जिल्ह्यात पुरुष होते ६,०६,२९४. त्यांचा ताळा ९. स्त्रिया होत्या ५,७१,०५१. त्यांचा ताळा १. ९ + १ = १०, म्हणजे १. एकूण आकड्याचा ताळाही १. जुळला!

आता मोंढ्यात जाऊ. समजा, आपण हळद विकायला नेली. काटा तीनदा झाला: ३४७, २८५ आणि १९६ किलो. पट्टीवर एकूण लिहिले ८१८. तिघांचे ताळे ५, ६, ७. त्यांची बेरीज १८, म्हणजे ९. पण ८१८ चा ताळा येतो ८. जुळत नाही! नीट बेरीज केली, तर ८२८ येतात. दहा किलो हळद कागदावरच गेली असती. तेवढे पैसे घरी आले नसते.

एक गोष्ट ध्यानात ठेवू. ताळा जुळला नाही, तर चूक नक्की आहे. पण जुळला म्हणजे हिशेब बरोबरच, असे नाही. ८२८ च्या जागी कोणी ८८२ लिहिले, तरी ताळा ९ च येतो. म्हणून आधी ताळा पाहावा, मग बेरीजही करावी. आणि दोन्ही झाल्यावरच सही करावी.

करून पाहा

१. ४५,३०६ हा आकडा मोठ्याने वाचा. त्याचा ताळा काढा.
२. ४६८ + २५७ = ७१५. ही बेरीज बरोबर आहे का? ताळ्याने तपासा.
३. घरातली एखादी पावती काढा. तिच्यावरच्या बेरजेचा ताळा पाहा.