पंप निवडण्याआधी माणूस मोजा

आपल्या परभणी जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर घेणाऱ्या घरी पाठीवरचा फवारणी पंप असतोच. दुकानात आपण दोनच प्रश्न विचारतो: टाकी केवढी आणि किंमत किती? पण फवारणारा माणूस पोलिओमुळे एका पायाने अधू असेल, किंवा गुडघे झिजून काठीवर आला असेल, तर? माझे मामा काठी घेऊन चालतात आणि शेती स्वतःच करतात. ‘गडी लाव’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही. त्यांच्यासाठी पंप निवडताना केलेलं गणित इथे मांडते.

१) आधी हात मोजा
हातपंपात एका हाताने दांडा सतत हलवायचा आणि दुसऱ्या हातात फवाऱ्याची नळी. मग काठी धरायची कशाने? बॅटरी पंपात प्रेशर मोटर तयार करते, त्यामुळे एक हात मोकळा राहतो. नळीचा खटका दाबून अडकवता येतो का, तेही पाहा. नाहीतर दिवसभर बोटं आवळून धरावी लागतात.

२) मग वजन
१ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १६ लिटर पाणी आणि साधारण ५ ते ६ किलोचा रिकामा पंप, म्हणजे पाठीवर २१-२२ किलो! सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर आणि मागे सरकते, तोल सांभाळायला माणूस पुढे वाकतो आणि गुडघ्यांवर ताण येतो. म्हणून ८-१० लिटरची टाकी बरी. मोठी टाकी अर्धी भरली तर पाणी आत डुचमळतं आणि तोल जातो. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर १६ लिटरने साडेबारा टाक्या होतात, १० लिटरने २०. वेळ जास्त लागेल, पण दुसऱ्या दिवशी माणूस उठून चालू शकेल. टाकी बदलली की औषधाचं मापही त्याच प्रमाणात बदला. लिथियम बॅटरी लेड-ॲसिडपेक्षा हलकी असते.

३) चढवणं आणि उतरवणं
खरा धोका जमिनीवरून पंप उचलताना असतो. बांधावर कमरेएवढा ओटा करावा. टाकी तिथेच भरून, ओट्याला पाठ लावून पट्टे अडकवावेत. पट्ट्याचा हूक एका हाताने सुटला पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. टाकी गळून औषध अंगावर आलं, तर ज्याला झटपट हालचाल करता येत नाही त्याचा पंप आधी सुटायला हवा. हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा हे नियम तर सगळ्यांनाच आहेत.

४) आपली काळी माती
चाकांचा पंप दुकानातल्या फरशीवर छान पळतो. पाऊस पडला की काळ्या मातीत त्याची चाकं चिखलाने भरतात, आणि वाढलेल्या कपाशीत तो शिरतही नाही. टाकी बांधावर ठेवून लांब नळीने फवारता येतं, पण साडेआठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या १०० मीटर नळीत साडेपाच लिटरहून जास्त पाणी मावतं. एवढी भरलेली नळी ओढायला दुसरा माणूस लागतोच. घरी बैलजोडी असेल तर बैलचलित फवारणी यंत्राचाही विचार करा. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात अशा यंत्रांवर काम झालेलं आहे.

ज्यांना दोन्ही हातांत कुबड्या लागतात, त्यांनी मात्र पाठीवरचा पंप घेऊच नये. तिथे औषधाचं माप, वेळ आणि देखरेख त्यांची, फवारणी दुसऱ्याची. त्याने शेतकरीपण कमी होत नाही.

थोडक्यात काय, क्रम लक्षात ठेवा: हात, वजन, हूक, जमीन आणि शेवटी किंमत. ज्याच्यासाठी पंप घ्यायचा, त्यालाच दुकानात सोबत न्या. टाकीत साधं पाणी भरा, पंप पाठीवर द्या, हातात काठी द्या आणि शंभर पावलं चालायला सांगा. त्यानंतर तो जे म्हणेल तेच फायनल!