बालकाचे पहिले गणित घरातच

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या लेखात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गायी, घोडे व कार्षापण यांच्या संख्या अंकांत नोंदविलेल्या आहेत. भारतीय अंकांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. दहा, शंभर व हजार यांसाठी त्यात स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. ज्या वस्तू मोजायच्या त्या समोर होत्या, म्हणून अंकांची गरज भासली. बालकाच्या शिक्षणातही हाच क्रम असावा : आधी वस्तू, मग शब्द आणि शेवटी अंक.

मोजणे व म्हणणे

तीन-चार वर्षांचे मूल एक ते दहा घडाघडा म्हणते, तेव्हा घरच्यांना कौतुक वाटते. परंतु म्हणणे म्हणजे मोजणे नव्हे. सात चिंचोके मोजल्यावर "किती झाले?" असे विचारता मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटचा शब्द हा साऱ्या समूहाची संख्या सांगतो, हे त्याला अद्याप उमगलेले नसते. अशा वेळी रागावू नये. एकेक चिंचोका बाजूला सरकवीत मोजण्याची सवय लावावी.

स्वयंपाकघरातील साधने

आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात भात, नाचणी, वरई; पूर्वेकडे बाजरी, कांदा, टोमॅटो. धान्याचे दाणे निवडून वेगळे करणे म्हणजे वर्गीकरण. कांदे लहान-मोठे लावणे म्हणजे क्रम. भाकरीची अर्धी व चतकोर करताना अपूर्णांकाचा पाया घातला जातो. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही जुनी मापे आजी-आजोबांना ठाऊक असतात. नातवंडाकडून मापट्याने शेर भरवून घेतला, तर दुप्पट व निम्मे या कल्पना हातांतूनच मनात उतरतात.

तांब्यातील पाणी पसरट परातीत ओतून "पाणी कमी झाले काय?" असे विचारावे. लहान मूल बहुधा चुकते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी अशाच प्रयोगांतून बालकाची विचारपद्धती अभ्यासली. उत्तर सांगून टाकण्याऐवजी पाणी पुन्हा तांब्यात ओतून दाखवावे व "असे का?" हा प्रश्न मुलापुढे ठेवावा. तर्काची सुरुवात तेथेच होते.

मराठी संख्यांची अडचण

'पंचवीस' या शब्दात पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणा, पण लिहायचा दोन आणि नऊ. म्हणून मूल २५ ऐवजी ५२ लिहिते. तो मंदबुद्धीचा पुरावा नव्हे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा राज्यभर वाद झाला. घरी मात्र सोपा उपाय आहे : काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधाव्यात. दोन जुड्या व पाच सुट्या काड्या समोर असल्या की शब्द व अंक यांचा मेळ बसतो.

गावाची जबाबदारी

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांच्या बालकांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते. तिसरीअखेर प्रत्येक बालकाला वाचन व मूलभूत गणित यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचे उद्दिष्ट आहे. पाया कच्चा राहिलेले मूल पुढे हातच्याची वजाबाकी पाठ करते, समजून घेत नाही. आणि हळूहळू शाळेलाच भिऊ लागते.

अक्षरओळख नसलेल्या मातेला "आपण काय शिकविणार?" असे वाटते. पायलीने धान्य मोजणारी, बाजाराचा हिशेब तोंडी करणारी ही माता गणित जाणते, हे शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी तिला पटवून द्यावे. माता-पालक सभेत चिंचोके, काड्या व मापटे घेऊन प्रात्यक्षिक करावे. ग्रामपंचायत सदस्यांनी त्यास उपस्थित राहावे. यास मोठा निधी लागत नाही. रोज थोडा वेळ आणि मुलाच्या चुकीकडे पाहण्याची समंजस दृष्टी एवढे पुरेसे आहे.