मुंबईला उपचारासाठी: गाडी की रेल्वे?

कॅन्सरचा रिपोर्ट हाती आला आणि टाटा हॉस्पिटल ठरले, की वस्तीत पहिली धावपळ गाडी ठरवण्याची. समृद्धी महामार्ग झाला ना! झाला, 701 किलोमीटरचा; पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, पुढे मुंबईची गर्दी आहेच. आम्ही म्हणतो, रेल्वेने जा.

कॅन्सरमध्ये पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका आधीच जास्त असतो. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने तो आणखी वाढतो. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्रभर आडवे होता येते, संडास डब्यातच असतो. दादरला उतरले की परळ जवळ.

शिवाय उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टिअर एसीत मूळ भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. कित्येक घरे हे माहीत नसल्याने गाडीसाठी कर्ज काढतात. डॉक्टरांची साधी चिठ्ठी चालत नाही. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातला दाखला हॉस्पिटलच्या सही-शिक्क्यासह आरक्षण खिडकीवर द्या. खालचा बर्थ मागा.

केमो चालू असेल तर जनरल डबा नको, मास्क लावा. ऑक्सिजन लागत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून रुग्णवाहिकाच करा.