संगणकाचे शरीर आणि त्याची विद्या

संगणक म्हणजे काय, असे एखाद्या विद्यार्थ्यास विचारले असता तो बहुधा टेबलावरील यंत्राकडे किंवा वडिलांच्या फोनकडे बोट दाखवील. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. जे डोळ्यांना दिसते व हाताला लागते ते संगणकाचे केवळ शरीर होय. त्यास हार्डवेअर म्हणतात. त्या शरीराकडून काम करवून घेणारी जी आज्ञांची क्रमवार मालिका, ती सॉफ्टवेअर अथवा आज्ञावली. ही दुसरी वस्तू दिसत नाही, म्हणून तिचा विचार फारसा कोणी करीत नाही, आणि यंत्र विकत घेताना पालकांची फसगत होते ती बहुधा येथेच.

आपल्या आगाशीतील उदाहरण घेऊ. सुकेळी करावयास पिकलेली राजेळी केळी हवीत, ती वाळत घालावयास मांडव हवा आणि कडक ऊन हवे. परंतु हे सर्व साहित्य एखाद्या नवख्या माणसाच्या स्वाधीन केले, तर सुकेळी होतील काय? केळे किती पिकू द्यावे, सोलून कसे मांडावे, केव्हा परतावे, दव पडू नये म्हणून काय करावे, उचलावे केव्हा, हा क्रम ज्यास ठाऊक त्याच्याच हातून सुकेळी उतरतात. मांडव हे हार्डवेअर, करण्याची रीत हे सॉफ्टवेअर आणि केळी ही संगणकास पुरविलेली माहिती. केळीच नासकी असतील, तर उत्तम मांडव व उत्तम रीत ही दोन्ही व्यर्थ होत!

आता या शरीराचा इतिहास थोडक्यात पाहू. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तरुण शास्त्रज्ञांनी एक मोठा अंकीय संगणक रचला. १९६० साली तो मुंबईत चालू झाला व १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. या नळ्या तापत, त्यांना वीज फार लागे आणि त्या जागाही पुष्कळ अडवीत. त्याची स्मृती इतकी अल्प होती की, प्रस्तुत लेख आजच्या पद्धतीने साठवू म्हटले, तर तो सबंध तीत मावला नसता. पुढे अवघ्या अकरा वर्षांनी, १९७१ साली, अमेरिकेतील इंटेल कंपनीने ४००४ या नावाचा प्रक्रियक विकावयास काढला. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर सुमारे २३०० ट्रान्झिस्टर! सांप्रत उत्तम प्रतीच्या फोनमधील तशाच लहान तुकड्यावर हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर बसवितात.

यावरून कोणी म्हणेल की, शरीर बलवान झाले म्हणजे सारे साधले. तसे नाही, आणि याचे उत्तम प्रमाण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९८० नंतरच्या दशकात सर्वांत वेगवान महासंगणक अमेरिकेत बनत. त्यांच्या निर्यातीवर कडक बंधने असल्याने ते भारतास हवे तसे मिळेनात. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले. एकच प्रचंड प्रक्रियक करण्याच्या मागे न लागता त्यांच्या चमूने बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडले व १९९१ साली 'परम ८०००' सिद्ध केला. पुष्कळ मजूर एका शेतात लोटल्याने काम लवकर होतेच असे नाही. कोणी कोणता वाफा खणावा, कोणी कोणासाठी थांबावे, हे ठरविणारा जाणता मुकादम लागतो. 'परम'मध्ये तो मुकादम म्हणजे आज्ञावली. तिने एक मोठे गणित अनेक तुकड्यांत वाटून दिले नसते, तर ते सर्व प्रक्रियक एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले असते.

आता व्यवहाराकडे वळू. पालक विचारतात, मुलासाठी कोणते यंत्र घ्यावे? आमच्या मते आधी काम ठरवावे, मग त्या कामास लागणारी आज्ञावली पाहावी आणि यंत्र सर्वांत शेवटी निवडावे. निबंध लिहिणे, हिशेबाचे तक्ते करणे, प्रोग्रॅम रचावयास शिकणे, याकरिता साधे, जुने परंतु धड असलेले यंत्रही पुरते. हप्त्यांनी कर्ज काढून भारी फोन घेण्यात विद्येचा लाभ यत्किंचितही वाढत नाही. दुसरे असे की, यंत्र सुदृढ असताही त्याची आज्ञावली म्हातारी होते. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या आज्ञावलीस मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नित्याचा आधार थांबला. त्याबरोबर पुष्कळ लोकांस आपले चालते यंत्र भंगारात काढावे लागेल असे वाटले. वास्तविक अशा यंत्रावर लिनक्स ही फुकट मिळणारी आज्ञावली बसविता येते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा आरंभ केला आणि आज जगातील बलाढ्य महासंगणकही तिच्यावरच चालतात. तस्मात् जे यंत्र थकले असे वाटते, त्याची केवळ विद्या बदलणे पुरेसे आहे काय, हे आधी पाहावे.

मराठी भाषिकांस सॉफ्टवेअरचे महत्त्व निराळ्या प्रकारेही कळले आहे. पूर्वी निरनिराळ्या फाँटांत देवनागरी अक्षरांस निरनिराळे क्रमांक दिलेले असत. एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांऐवजी चित्रविचित्र खुणा दिसत. १९९१ साली युनिकोड हा सर्व लिप्यांचा समाईक संकेत प्रसिद्ध झाला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णास कायमचा क्रमांक मिळाला आणि कालांतराने ही अडचण पुष्कळ दूर झाली. ज्यांच्या घरी किंवा संस्थेत जुन्या फाँटांतील कागदपत्रे अद्याप संगणकात पडून आहेत, त्यांनी ती युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी. विलंब केल्यास पुढील पिढीस ती वाचता येणार नाहीत.

शेवटी ज्या नवलाईची सर्वत्र चर्चा आहे, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी दोन शब्द. २०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅटजीपीटी' लोकांस खुले झाले, तेव्हापासून यंत्राशी संवाद करणे मुलांच्याही अंगवळणी पडले आहे. अशी यंत्रे अपार लिखित मजकुरावरून शिकतात व पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे पाहून वाक्य जुळवितात. म्हणून त्यांची भाषा ओघवती असली तरी कथन खरे असेलच असे नाही. जे लिहिलेले नाही ते त्यांस ठाऊक नसते. इंग्रजीचा मजकूर विपुल, मराठीचा त्या मानाने थोडा आणि आपल्या वसईतील सामवेदी, वाडवळी इत्यादी बोलींचा तर अत्यल्प. तुमच्या आजीच्या तोंडचे शब्द यंत्रास कळावेत अशी इच्छा असेल, तर ते प्रथम तुम्हांस कळले पाहिजेत व तुम्ही ते लिहून ठेवले पाहिजेत.

विद्यार्थी मित्रहो, यंत्राकडून निबंध लिहवून घेतला तर वही भरेल, परंतु मांडव भाड्याने आणला म्हणून सुकेळी करण्याची रीत हातात येत नाही. यंत्रास प्रश्न अवश्य विचारा. त्याचे उत्तर पुस्तकाशी, शिक्षकांशी आणि स्वतःच्या बुद्धीशी ताडून पाहा. 'टिफ्रॅक' आज वापरात नाही. 'परम ८०००' हाही मागे पडला. ती यंत्रे रचताना ज्या तरुणांनी विद्या संपादन केली, त्यांनी ती पुढच्या पिढीस दिली आणि ती मात्र आजही उपयोगी पडत आहे.