आप्पांची पदकं आणि शारजाची हवा

प्रश्न : आमचे आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतून १९७१ साली जमालपूरला लढले. आता ते साताऱ्याहून आमच्याकडे आलेत. पदकं काळवंडलीत. ब्रासोने चकचकीत करून भिंतीवर लावू का? गावी एक रिकामं काडतूस आहे, तेही त्यांना इथे हवंय.
– एक वाचक, शारजा

उत्तर : आधी काडतुसाचं. ते आणू नका. रिकामं असलं तरी विमानतळावर अडवलं जाईल आणि आणणाऱ्याला चौकशीला बसावं लागेल. त्याचा फोटो मागवा.

फौजी माणसाला ब्रासोचा मोह होणारच, पण त्याने धातू झिजतो. पदकावर आप्पांचा नंबर आणि नाव कोरलेलं असेल, ते पुसट होईल. काळवंडलेलं पदक जुनं दिसतं, दिसू द्या. कोरड्या सुती कापडाने पुसलं की पुरे. भिंतीवर लावायचंच तर ऊन पोचणार नाही तिथे, कारण फिती उजेडाने विटतात. तिकडचा उन्हाळा दमट. बाल्कनीतल्या कपाटात काही ठेवू नका. घरातल्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

आप्पांचे फौजेतले जुने फोटो असतील, तर त्यांची घाई मात्र करा. एकेक फोटो आप्पांच्या हातात द्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि ‘हा कोण?’ एवढंच विचारा. लढाईबद्दल थेट विचारलं की बरेच जवान दोन वाक्यांत आटपतात. लंगरातल्या जेवणावर तासभर बोलतात. नावं फोटोमागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. डिस्चार्ज बुक स्कॅन करून भावंडांनाही पाठवा.