टायरगाडीचा आस व ब्रेक : केव्हा व कसे बदलावेत

शेतकऱ्याच्या घरी बैलगाडी ही नांगराइतकीच महत्त्वाची असते. खत शेतात नेणे, धान्य बाजारात पोहोचविणे, ऊस कारखान्यापर्यंत वाहून नेणे ही सर्व कामे तिच्यावर अवलंबून असतात. लाकडी चाक व लोखंडी धाव असलेल्या गाडीची जागा रबरी टायरच्या गाडीने घेतल्यापासून बैलांचा ओढण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तथापि, नव्या चाकांबरोबर एक नवी जबाबदारीही आली आहे. ती म्हणजे गाडीचा आस, ज्यास खेड्यापाड्यांत आख असे म्हणतात, तो सुस्थितीत ठेवणे व गाडीस चालू स्थितीतील ब्रेक असणे. पुष्कळ गाड्यांचे आस मोडीत निघालेल्या मोटारींचे असतात व त्यांचे ब्रेक काढून टाकलेले अथवा निकामी झालेले असतात. यास्तव हे दोन्ही भाग केव्हा व कसे बदलावेत याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

ब्रेकची आवश्यकता

“आमच्या वडिलांच्या गाडीला ब्रेक नव्हता, मग आताच कशाला ?” असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. याचे उत्तर साध्या हिशोबाने देता येते. गाडी व माल मिळून २००० किलो वजन आहे असे धरू. रस्त्यास २० हात जाता १ हात इतका उतार असेल तर गाडीस पुढे लोटणारा जोर सुमारे १०० किलो होतो. खडबडीत रस्त्यावर लोखंडी धावेच्या चाकाचा अडथळा वजनाच्या शेकडा ४ ते ५, म्हणजे ८० ते १०० किलो इतका असू शकतो. त्यामुळे जुनी गाडी अशा उतारावर जवळजवळ आपोआपच आवरली जात असे. चांगल्या रस्त्यावर रबरी टायरचा अडथळा मात्र शेकडा २ च्या आसपास, म्हणजे अवघा ४० किलो असतो. बाकीचा ६० किलोंचा रेटा जुवाच्या वाटे बैलांच्या माना व शिंगे यांवर येतो.

प्रत्येकी ४०० किलो वजनाची बैलजोडी आपल्या वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे ८० किलो इतक्या ओढीने दिवसभर काम करू शकते. म्हणजे चढावर ओढून थकलेल्या जोडीस उतारावर पुन्हा जवळजवळ तितक्याच जोराने गाडी मागे रेटून धरावी लागते. बैलाची शरीररचना पुढे ओढण्यास अनुकूल असते, मागे रेटण्यास नव्हे. पाय घसरला की बैल गुडघ्यावर येतो व मागून भरलेली गाडी त्याच्या अंगावर येते. ऐन हंगामात बैलाचा पाय मोडणे म्हणजे कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न बुडणे होय. गाडीवानाच्या जिवासही त्यात धोका असतो.

आस बदलण्याची वेळ कशी ओळखावी

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास आस बदलणे इष्ट ठरते.

(१) गाडी मागून पाहिली असता चाके वरच्या बाजूस आत कललेली दिसणे. याचा अर्थ आस मध्ये वाकला आहे.
(२) एकाच बाजूचा टायर लवकर झिजणे.
(३) बेअरिंगची आतील कडी आसाच्या टोकावर सैल फिरणे. अशा वेळी नवे बेअरिंग घालूनही उपयोग होत नाही.
(४) आसाचे गोल टोक जेथे सुरू होते त्या खांद्यापाशी बारीक चीर दिसणे. ही जागा रॉकेलने पुसून उजेडात नीट पाहावी.
(५) त्याच जागी पूर्वी वेल्डिंग केलेले असणे.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. टोकास चीर गेली असता ती वेल्डिंगने भरून काम चालविण्याची प्रथा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचे पोलाद ठिसूळ होण्याचा संभव असतो व नेमक्या त्याच जागी गचक्यांचा ताण अधिक येतो. असा आस पूर्वसूचना न देता तुटतो. तेव्हा दुरुस्तीचा मोह टाळावा.

नवा आस निवडताना

बाजारात जाण्यापूर्वी चार मापे घ्यावीत : दोन्ही चाकांच्या मध्यांतील अंतर, साट्याखाली आस बसतो त्या दोन जागांमधील अंतर, चाकाच्या बोल्टांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचे माप, आणि टायरवर छापलेले माप.

चौरस आसाची मजबुती त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. ५० मिलिमीटर जाडीच्या आसाऐवजी त्याच पोलादाचा ६० मिलिमीटर जाडीचा आस घेतला तर वजन सुमारे दीडपट होते. परंतु मजबुती पावणेदोन पटींच्या जवळ जाते. सबब थोडा अधिक खर्च करून जाड आस घेणे किफायतशीर ठरते. त्याचप्रमाणे चाकाचा मध्य व साट्याचा आधार यांतील अंतर जितके कमी, तितका आसावरील ताण कमी. हे अंतर २० सेंटिमीटरवरून ३० सेंटिमीटर केले तर ताण दीडपट होतो. साटा रुंद करण्याऐवजी चाके बाहेर काढण्याची चूक करू नये.

ब्रेकची तबकडी बसविण्याकरिता कारखान्यातच कडे जोडलेला आस घ्यावा. नव्या आसाबरोबर बेअरिंग, त्यांच्या बाहेरील कड्या व ग्रीस अडविणारी सीलेही नवीच घ्यावीत.

जुना आस काढणे

बैल सोडून दूर बांधावेत. गाडी पूर्ण रिकामी करून सपाट व टणक जागी उभी करावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. दांडीखाली व साट्याच्या मागील बाजूस भक्कम आधार द्यावा, म्हणजे गाडी पुढेमागे कलंडणार नाही. नंतर जॅकने साटा उचलून दोन्ही बाजूंस लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

चाके काढल्यावर हबचे टोपण, कॉटर पिन, नट, वायसर व बाहेरील बेअरिंग या क्रमाने भाग काढून स्वच्छ कापडावर त्याच क्रमाने मांडावेत. जुन्या ब्रेकमधील धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुप्फुसास अत्यंत अपायकारक असते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी व फडके पुरून टाकावे. त्यानंतर यू-बोल्ट सोडवून आस खाली घ्यावा.

नवा आस बसविणे

आस जागेवर ठेवून यू-बोल्ट हातानेच सैलसर लावावेत. आता दांडीच्या पुढील टोकावर मध्यभागी एक खिळा ठोकून त्यास दोरी बांधावी व ती आसाच्या दोन्ही टोकांपर्यंत आळीपाळीने ताणून पाहावी. दोन्ही अंतरे सारखी भरेपर्यंत आस सरकवावा. आस तिरका राहिल्यास गाडी एका बाजूस ओढते, टायर घासतात व एका बैलावर कायम अधिक भार पडतो. अंतरे जुळल्यावर यू-बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत.

हब चढविण्यापूर्वी ब्रेकच्या तबकड्या कड्यांवर बोल्टांनी पक्क्या कराव्यात. बेअरिंगच्या रुळांमध्ये हाताने दाबून ग्रीस भरावे. हब चढविल्यावर चाक एका हाताने फिरवीत नट आवळावा. चाक किंचित जड फिरू लागले की नट एक षष्ठांश ते पाव फेरा मागे घ्यावा व जवळच्या खाचेत नवी कॉटर पिन घालून तिची टोके दुमडावीत. जुनी पिन पुन्हा वापरू नये. दोन-चार रुपयांच्या पिनेपायी चाक निखळते. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण हलवून पाहता जाणवण्याइतके खडखडता कामा नये.

ब्रेक जुळविणे

गाडीकरिता तारेने अथवा सळईने चालणारा ड्रम ब्रेक सोयीचा असतो. गाडीवान तरफ ओढतो, सळई कॅम फिरविते व कॅम दोन्ही शू फाकवून ड्रमवर दाबतो. दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या सळया एका आडव्या पट्टीस जोडाव्यात व ही पट्टी मध्यभागी खिळीवर हलती असावी. त्यामुळे दोन्ही चाकांस सारखा जोर मिळतो. एकच चाक अडले तर गाडी आडवी होते.

प्रत्येक चाक उचलून शू घासू लागेपर्यंत सळई आवळावी व नंतर चाक मोकळे फिरेपर्यंत सैल करावी. ब्रेक लागलेल्या स्थितीत कॅमची भुजा व सळई यांमध्ये काटकोन असावा. तरफेस दातेरी पट्टी असल्यास उभी गाडी अडवून ठेवता येते. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नये. रिपिटांची डोकी लायनरच्या पृष्ठभागाजवळ येण्यापूर्वीच दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलावेत.

चाचणी व निगा

प्रथम रिकामी गाडी सपाट रस्त्यावर, मग निम्मा माल भरून सौम्य उतारावर चालवून पाहावी. दीड-दोन किलोमीटर ब्रेक न लावता गेल्यावर दोन्ही हबना सावधपणे हात लावावा. हब तापला असेल तर बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक घासत आहे असे समजावे. पहिल्या खेपेनंतर यू-बोल्ट व चाकांचे नट पुन्हा आवळावेत. दरवर्षी हंगामापूर्वी हब उघडून ग्रीस बदलावे.

उतार सुरू होण्यापूर्वीच ब्रेक हळूहळू लावावा. एकदम ओढल्यास माल पुढे झुकून जुवाचा भार बैलांच्या मानेवर आदळतो. बैलांनी गाडी किंचित ओढत राहावी, इतपतच ब्रेक धरावा.

ब्रेक आला म्हणून माल वाढवावा असा मात्र याचा अर्थ नव्हे. जनावरांकडून ओझी वाहून घेण्याबाबतच्या १९६५ च्या नियमांत भाराची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. त्याच नियमांप्रमाणे बैलास दिवसात ९ तासांहून अधिक अथवा विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक जुंपता येत नाही. रात्री वाहतूक करणाऱ्यांनी गाडीच्या मागे लाल परावर्तक अवश्य लावावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना सूचना

हंगामापूर्वी गावातील गाडीवान, लोहार व सुतार यांना एकत्र बोलावून एका गाडीचा आस व ब्रेक सर्वांसमक्ष उघडून दाखवावा. गाडीवानांनी मिळून जॅक, पाना व ग्रीस यांचा एक संच ठेवल्यास खर्च विभागला जाईल. प्रात्यक्षिकाच्या शेवटी तीच गाडी माफक माल भरून उतारावर आधी ब्रेकवाचून व मग ब्रेक लावून चालवून दाखवावी. ब्रेकवाचून चालविताना चाकाखाली लावण्यास दगड घेऊन दोन माणसे बरोबर ठेवावीत. दोन्ही वेळी बैलांच्या माना कशा दिसतात ते शेतकऱ्याने स्वतः पाहिले की त्यास निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.